उडता पक्षी आणि खरा रंग

दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभ्या राहिलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. साय वर चढल्यावर धावून उपयोग नाही. कडेनं बुडबुडे जमू लागले की हात बटणावर गेलेला हवा. उडत्या पक्ष्याचा फोटो काढण्याचं सारं मर्म इथेच आहे, मैत्रिणींनो. पक्षी उडालेला दिसला आणि मग तुम्ही बटण दाबलंत, तर फोटोत रिकामी फांदी येते. तो उडणार हे आधी कळायला हवं. आणि घरातल्या चार माणसांचा चेहरा पाहून कोण आता काय म्हणणार हे जिला कळतं, तिला पक्ष्याचा रोख ओळखायला काही फार दिवस लागत नाहीत!

"अहो, पण हे भलते खर्चिक आणि पुरुषी छंद. आम्हांला कुठला वेळ?" असं कुणी म्हणेल. वेळेचं म्हणाल, तर पक्ष्यांची सगळ्यांत चांगली वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ. रविवारी घर उठायच्या आत तुम्ही परत आलेल्या असता. राहिला प्रश्न पुरुषी असण्याचा. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांचा जन्म १९१३चा. त्यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावावर छापले गेले. पुढे त्यांनी स्वतःच्या नावावर चाळीस-पन्नासच्या दशकांतला देश टिपला आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. सांगायचा मुद्दा एवढाच, की घरातला कॅमेरा कुणाच्याही नावावर असो, डोळा आणि हात आपलाच लागतो.

आधी ओळख, मग कॅमेरा

पहिले पंधरा दिवस कॅमेऱ्याला हातच लावू नका. एक छोटी वही घ्या आणि नुसतं पाहा.

सुरुवात वेड्या राघूपासून करा. पुण्यात विजेच्या तारेवर, कुंपणाच्या काट्यावर, टेकडीवरच्या वाळक्या फांदीवर हा हिरवा, तांबूस डोक्याचा, शेपटीत सुईसारखं लांब पीस असलेला चिमुकला पक्षी हमखास दिसतो. नाव 'वेडा', पण वागणं अगदी शिस्तीचं. तारेवरून झेप घेतो, हवेत माशी नाहीतर मधमाशी पकडतो, गिरकी घेतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येऊन बसतो. मग चोचीतला किडा फांदीवर आपटून त्याची नांगी काढतो आणि गिळतो. म्हणजे काय, की तो कुठून निघणार आणि कुठे उतरणार हे दोन्ही तुम्हांला आधीच ठाऊक आहे! उडण्याआधी तो मान इकडेतिकडे वळवतो, एकाएकी एका दिशेला रोखून पाहतो, अंग किंचित पुढे झुकवतो. हे झुकणं म्हणजेच दुधाच्या कडेचे बुडबुडे.

खंड्या पाण्याजवळच असतो असं नाही. पांढऱ्या छातीचा, लाल चोचीचा आपला नेहमीचा खंड्या सोसायटीच्या बागेतल्या तारेवरही बसतो आणि किडे, सरडे खातो. बसलेला असताना त्याची पाठ थोडी निळी दिसते. पण पंख उघडले की निळ्यामध्ये पांढरा ठिपका चमकतो. बगळ्यासारखे मोठे पक्षी तर उडण्यापूर्वी पुष्कळदा शिटतात. हसू नका, मुरलेले फोटोग्राफर याच खुणेची वाट पाहत बसतात.

आणखी एक गोष्ट वाऱ्याची. पक्षी उडताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडे ठेवतो. वारा तुमच्या पाठीकडून येत असेल तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून झेप घेतो. समोरून येत असेल तर पाठ फिरवून जातो. पदर कुठल्या बाजूला उडतो आहे एवढं पाहिलंत तरी पुरे. सूर्यही पाठीशी हवा, म्हणजे पक्ष्याच्या अंगावर उजेड पडतो.

पुण्यात कुठे, केव्हा?

सरावाला आपली गच्चीच बरी. पारवे आणि घारी यांना काही निमंत्रण लागत नाही. घार संथ, मोठी वर्तुळं घेत तरंगते. नवशिकीला हिच्यासारखी गुरू नाही. पारवा वेगानं जातो. तो दुसऱ्या इयत्तेचा धडा.

हात बसला की वेताळ टेकडी. तिथे वेडे राघू, खंड्या, मोर दिसतात आणि पावसाच्या तोंडावर नशीब असेल तर नवरंगही. पाषाण तलावाच्या काठानं पाणपक्षी मिळतात. येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठाला डॉ. सालिम अलींचं नाव दिलेली पक्ष्यांची जागा आहे. सोलापूर रस्त्यानं वीसेक किलोमीटर गेलं, की लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाटचा जुना बंधारा लागतो. हिवाळ्यात तिथे नारिंगी रंगाची चक्रवाक बदकं, शेकाटे, धोबी, खंड्या यांची गर्दी असते. पाणी मात्र शहराचं सांडपाणी वाहून आणणारं. फेस, प्लॅस्टिक आणि वास यांची तयारी ठेवून जा.

शहराबाहेरच्या माळांवर आणि शेतांत हिवाळ्यात नीलपंख येतो. तारेवर बसलेला पाहाल तर म्हणाल, हा तपकिरी पक्षी यात काय पाहायचं? पण त्यानं पंख पसरले, की गडद निळा आणि फिका निळा असे दोन पट्टे अंगावर उलगडतात. काठाची साडी घडीत असताना जशी दिसत नाही, तसंच. उडत्या पक्ष्याचा फोटो काढायचा तो एवढ्यासाठीच.

एखादा दिवस मोकळा असेल तर भिगवणला जा. पुण्याहून सोलापूर रस्त्यानंच साधारण शंभर किलोमीटरवर उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी आहे. साधारण डिसेंबर ते मार्च या काळात तिथे मोठे रोहित, म्हणजे आपण ज्यांना फ्लेमिंगो म्हणतो ते, उतरतात. उभे असताना गुलाबी-पांढरे; पंख उघडले की लालभडक आणि काळे. 'अग्निपंख' हे त्यांचं दुसरं नाव तेव्हा पटतं.

एकट्यानं आडबाजूला जाऊ नका. दोघी-चौघी मिळून जा, घरी सांगून जा. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत. पाण्याची बाटली, टोपी आणि पायांत बंद बूट हवेत. नदीकाठी चपला घसरतात.

कॅमेऱ्याचं गणित

मोबाइलवर थवा चांगला येतो, एकटा लहान पक्षी येत नाही. निदान ३०० मिलिमीटरची लेन्स हवी; ४०० ते ६०० असेल तर उत्तम. लेन्स बदलावी न लागणारे, लांबचं जवळ आणणारे सुपरझूम कॅमेरेही मिळतात. वजनाला हलके आणि खिशाला सोसणारे म्हणून सुरुवातीला तेच बरे. जुनी, वापरलेली लेन्स ओळखीतून मिळाली तर नक्की घ्या. फक्त काचेला बुरशी नाही ना, एवढं उजेडात धरून पाहा.

आता शटरचा वेग. एक साधा हिशोब करू. पक्षी सेकंदाला दहा मीटर या वेगानं जात असेल, तर सेकंदाच्या २५०व्या भागात तो चार सेंटिमीटर पुढे सरकतो. वेड्या राघूचं अख्खं डोकंही एवढं नसतं! फोटोत नुसता हिरवा फराटा येतो. तोच वेग सेकंदाचा २०००वा भाग ठेवला, तर पक्षी सरकतो पाच मिलिमीटर. म्हणून उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा त्याहून जास्त वेग. लहान, फडफड्या पक्ष्यांना १/३२०० लागला तरी चालेल. संथ तरंगणाऱ्या घारीला १/१००० पुरतो. लेन्सचं तोंड एफ ५.६ ते एफ ८ यांच्या दरम्यान ठेवा. आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवा. थोडे दाणे दिसतील, पण दाणेदार फोटो नंतर निवळता येतो, हललेला नाही.

फोकस 'सतत' या प्रकारावर आणि बटण दाबून धरल्यावर ओळीनं फोटो निघतील अशी सोय चालू ठेवा. कोपरं अंगाशी धरा, पाय थोडे फाकवा आणि कमरेतून वळा, जात्यावर बसलेली बाई वळते तशी. नुसते हात फिरवले तर फोटो हलतो. पक्षी दूर असतानाच त्याला चौकटीत घ्या आणि बटण दाबल्यावरही हात थांबवू नका.

एक फसगत सगळ्यांची होते. उजळ आकाशासमोर पक्षी कोळशासारखा काळा येतो. कॅमेरा बिचारा सगळं जग करड्या रंगाचं धरून चालतो. आकाश फार उजळ वाटलं की तो उजेड कमी करतो. अशा वेळी अधिक-उणे चिन्हाच्या बटणानं एक घर 'अधिक' करा. पांढरा बगळा काळसर पाण्यावरून जात असेल तर उलट एक घर 'उणे', नाहीतर त्याची पिसं धुऊन जातात. मिठासारखंच आहे हे: मागून घालता येतं, काढता येत नाही. एकदा फटफटीत पांढरं झालेलं पीस पुढे कुठल्याही उपायानं परत येत नाही.

पक्ष्याला उडवायचं नाही

हे वेगळं सांगायचं कारण आहे. उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे, खडा टाकणारे, रोहितांच्या थव्यात होडी घालायला सांगणारे लोक नदीकाठी आणि धरणावर भेटतात. फोटो झकास येतो, यात शंका नाही. पण हिशोब पक्ष्याच्या बाजूनं मांडून पाहा. भिगवणला पट्टकदंब येतात, ते मध्य आशिया आणि तिबेटकडून हिमालय ओलांडून. इथला हिवाळा हा त्यांचा पोटभर खाऊन परतीची शिदोरी अंगावर बांधण्याचा काळ. प्रत्येक वेळी त्यांना उगाच उडवलं, की त्या शिदोरीतला घास कमी होतो. बाळंतिणीला जेवताना पानावरून चार वेळा उठवावं, तसंच ते. होडीवाल्याला आधीच सांगा, "लांबूनच बघू, घाई नाही." आपण गिऱ्हाईक असतो, आपण मागितलं नाही तर तोही थवा उठवणार नाही.

घरट्याजवळ तर मुळीच जाऊ नका. फांदी बाजूला केली की पिल्लं उन्हात पडतात आणि कावळ्याला वाट सापडते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच घातलं आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही टाळा. आपल्या हद्दीत दुसरा कुणी आला असं समजून तो पिल्लं सोडून भांडायला येतो.

घरी आल्यावर: निवडणं आणि टिपणं

दोन तासांत पाचशे फोटो सहज निघतात. पूर्वी फिल्मच्या एका रोलात छत्तीसच फोटो असत. तेव्हा बटण दाबताना हात आखडे, आता टाकून देताना जीव खालीवर होतो. पण तांदूळ निवडताना आपण खड्याची दया करतो का? पहिला प्रश्न एकच: डोळा स्पष्ट आहे का? नसेल तर काढून टाका. दुसरा: पंख वर किंवा खाली पूर्ण उघडलेले आहेत का? पंखानं चेहरा झाकला असेल तर तोही गेला. पाचशेतून पाच उरले तरी सकाळ सार्थकी लागली म्हणायची.

कॅमेऱ्यात 'रॉ' नावाची कच्ची फाइल ठेवायची सोय असते, ती चालू करा. ही म्हणजे मळून ठेवलेली कणीक. हवी तशी पोळी लाटता येते. जेपेग म्हणजे भाजून झालेली पोळी. कच्च्या फाइलवर काम करायला डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. मूळ फाइल एका वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा; दुरुस्ती नेहमी प्रतीवर.

क्रम असा ठेवावा. आधी पाण्याची रेघ सरळ करा. तलाव कलंडलेला दिसला की फोटो गेला. मग कडा कापा. पक्षी ज्या दिशेनं चालला आहे तिकडे मोकळी जागा जास्त ठेवा, म्हणजे त्याला उडायला अंगण राहतं. नंतर उजेड: सावलीतले पंखाखालचे भाग थोडे उजळा, पांढरी पिसं थोडी दबवा. त्यानंतर दाणे निवळा, पण बेताबेतानं. जास्त केलंत तर पिसं मेणाची दिसू लागतात. धार सगळ्यांत शेवटी, तीही डोळा आणि चोच यांच्यापुरती. आकाशाला धार लावू नये, तिथे दाणे वर येतात.

यात काही खोटेपणा नाही. अंधाऱ्या खोलीत फोटो धुण्याच्या काळातही एन्लार्जरच्या उजेडात हाताची सावली धरून एखादा भाग उजळ ठेवत आणि दुसऱ्याला जास्त उजेड देऊन गडद करत. डोळ्यांना जे दिसलं ते कागदावर आणायची ती धडपड होती.

नीळ किती घालायची?

खरी परीक्षा पुढे आहे, रंगांची. रंग वाढवायची एक पट्टी प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते आणि ती सरकवायचा मोह कुणाला सुटत नाही. पण पांढऱ्या कपड्यांना नीळ घालताना आपण काय करतो? एक थेंब जास्त झाला की सदऱ्यावर डाग. नीलपंखाचं तसंच होतं. रंग वाढवला की दोन निळ्यांमधला फरक पुसला जातो, पिसांच्या रेघा मिटतात आणि पक्ष्याच्या जागी निळीचा डाग उरतो.

त्यात गंमत अशी, की खंड्याचा आणि नीलपंखाचा निळा हा मुळात रंगद्रव्याचा रंगच नाही. पिसाच्या आतली अतिसूक्ष्म रचना उजेडातला निळा भाग तेवढा परत फेकते, म्हणून ते निळं दिसतं. असं पीस कुटून पूड केली तर निळा रंग नाहीसा होतो, उरतो तो मळकट तपकिरी. पोपटाच्या हिरव्यातही पिवळं रंगद्रव्य आणि हा उजेडाचा निळा यांची जोडी असते. म्हणजे उजेड मंद असेल तर निळाही मंदच दिसणार. ढगाळ सकाळचा खंड्या उन्हातल्या खंड्यासारखा झगझगीत केला, तर तो त्या सकाळचा राहत नाही.

रोहिताची कथा वेगळी. त्याचा गुलाबी खाण्यातून येतो. पाण्यातली शेवाळं आणि बारीक जीव यांच्यातून गाजराच्या रंगाच्या जातीचीच द्रव्यं त्याच्या पिसांत उतरतात. पिल्लं करडी असतात आणि गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षं लागतात. थव्यातल्या फिक्या पक्ष्याला गुलाबी रंगवलंत तर तुम्ही त्याचं वयच बदललंत की!

म्हणून एक साधा नियम पाळा. रंग ठरवताना फोटोतलं पांढरं शोधा: बगळा, ढग, खंड्याची छाती. ते पांढरं योग्य दिसलं की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. सकाळच्या कोवळ्या उन्हाची पिवळसर झाक मात्र राहू द्या. मग फोटो बंद करा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पाहा. आदल्या रात्री छान वाटलेला रंग सकाळी भडक वाटतो.

दुसऱ्या फोटोतलं आकाश आणून चिकटवू नका, एकाचे तीन पक्षी करू नका. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेनं धार लावणारी साधनं आली आहेत. ती कधीकधी नसलेली पिसं अंदाजानं रंगवून देतात, तेव्हा जपून. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या जगप्रसिद्ध वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१७ सालचा एक बक्षीसपात्र फोटो २०१८ साली बाद ठरवला गेला, कारण त्यातला मुंगीखाऊ प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला. बक्षीस गेलं त्याचं फारसं नाही. पण एकदा विश्वास गेला की आधीच्या खऱ्या फोटोंकडेही लोक संशयानं पाहतात.

या फोटोचं करायचं काय?

भिंतीवर लावा, नातवंडांना दाखवा. पण एवढ्यावर थांबू नका. फोटोबरोबर तारीख, वेळ आणि जागा वहीत लिहा. 'ईबर्ड' या मोफत सोयीवर पक्ष्यांची यादी आणि फोटो दोन्ही नोंदवता येतात. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते; पंधरा मिनिटं गच्चीत उभं राहून केलेली नोंदही तीत चालते. २०२३ साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल निघाला, तो तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. आणि ज्यांची संख्या चिंता करावी इतकी घटते आहे अशा पक्ष्यांत आपला नीलपंखही आहे. ज्याचे पंख उघडलेले पाहायला आपण माळावर जातो, तोच!

पुण्यातही हे काम जुनं आहे. इकॉलॉजिकल सोसायटीचे संस्थापक प्रकाश गोळे यांनी मुळा-मुठेच्या काठचे पक्षी मोजून त्यांच्या नोंदी ठेवल्या. नदीत कोणते पक्षी वाढले आणि कोणते कमी झाले, हे अशा नोंदींवरूनच कळतं. शेकाटे वाढले म्हणून खूश होऊ नये, ते घाण पाण्यातही मजेत राहतात. २०२२च्या मार्चमध्ये पुण्यात नदीकाठ सुधारण्याच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि काठची झाडी, तिथले पक्षी यांवरून शहरात वाद झडले. अशा वादात "पूर्वी इथे पुष्कळ पक्षी होते हो" हे नुसतं बोलणं टिकत नाही. अमुक तारखेला, अमुक वळणावर, पंख उघडलेला हा पक्षी होता, हे दाखवणारा फोटो टिकतो. पण तो खरा असला तरच. रंग चढवलेला, आकाश चिकटवलेला फोटो साक्षीला उभा राहत नाही.

कवडीपाटच्या फोटोंत पुष्कळजण बंधाऱ्यावरचं प्लॅस्टिक पुसून टाकतात, कारण ते दिसायला बरं नाही. एक फोटो घरच्या भिंतीसाठी पुसा हवं तर, पण नोंदीसाठीच्या फोटोत ते राहू द्या. नारिंगी चक्रवाक आणि त्याच्या पायाशी आपल्याच घरातून वाहत गेलेली दुधाची पिशवी, असा तो फोटो असेल. आपल्या मुलांनी पाहावा असा.

तर येत्या रविवारी कॅमेरा राहू द्या घरीच. वही, पेन आणि एक मैत्रीण सोबत घ्या, जवळच्या टेकडीवर जा आणि तारेवरचा वेडा राघू शोधा. तो दहा वेळा उडेल. त्यांतल्या किती वेळा परत त्याच जागी येऊन बसतो, तेवढं मोजून या.